हेमाडपंती बांधणी आणि मंदिराची शैली

मराठवाड्यात काळ्या दगडाच्या कोणत्याही जुन्या देवळापाशी गेले की रस्त्यावरचा फलक, देवळातले पुजारी आणि सोबत आलेले पाहुणे एकच शब्द उच्चारतात: हेमाडपंती. औंढा नागनाथ हेमाडपंती, देगलूरजवळचे होट्टल हेमाडपंती, अंबाजोगाईचे खोलेश्वर हेमाडपंती आणि निलंग्याचे नीलकंठेश्वरही हेमाडपंतीच. एकाच शब्दाने बांधणी, शैली आणि काळ या तिन्ही गोष्टी सांगून झाल्या असे मानले जाते, आणि पाहणारा पाच मिनिटांत फोटो काढून पुढच्या गावाला निघतो.

हेमाडपंती म्हणजे काय, हे मराठी वाचकाला शाळेपासून ठाऊक असते. देवगिरीच्या महादेव आणि रामचंद्र या यादव राजांचा श्रीकरणाधिप, म्हणजे राज्याचे दफ्तर सांभाळणारा मंत्री, हेमाद्रीपंडित, चुना न वापरता एकावर एक बसवलेले घडीव दगड, आणि मोडी लिपी व बाजरीचे श्रेयही त्यालाच देणाऱ्या आख्यायिका. एवढे पुरे आहे.

खरी गफलत पुढे होते. चुन्याविना दगड बसवणे ही बांधणीची रीत आहे. मंदिराची शैली तिच्यावरून कळत नाही. आपल्याकडे एखाद्या घराला माळवदाचे घर म्हटले की छत कशाचे आहे ते कळते, पण घर किती खणांचे आहे आणि ओसरी कोणत्या अंगाला आहे, हे त्या शब्दावरून कळत नाही. तसेच इथेही आहे. होट्टलच्या सिद्धेश्वर मंदिराच्या भिंतीवरून मी बोट फिरवले तेव्हा दोन दगडांच्या सांध्यात नखसुद्धा शिरले नाही. एका दगडावर उंचवटा आणि दुसऱ्यात त्याच मापाची खाच घडवायची, बाकीचे काम वरच्या दगडांच्या वजनाने होते. खांबही सलग एका दगडाचा असेलच असे नाही; तळखडा, मधला दंड, वरचे शीर्ष आणि त्यावरची तुळई असे अनेक तुकडे केवळ तोलावर उभे राहतात. छत करताना चौकाच्या कोपऱ्यांवर तिरपे दगड टाकून उघडी जागा लहान करत नेतात आणि शेवटी मधोमध एक दगड बसवतात. हे कौशल्य थक्क करणारे आहे, आणि त्याला हेमाडपंती म्हणणे लोकांच्या तोंडी रुळलेले असल्याने त्यालाही माझी हरकत नाही.

शैली मात्र तळ आणि शिखर पाहून ठरते. गाभाऱ्याची बाहेरची भिंत सरळ आहे की चांदणीसारखी कोन काढत गेली आहे, सभामंडपाला एकच गाभारा आहे की निलंग्यासारखे तीन, हे आधी पाहावे. मग मान वर करावी. शिखराच्या चारही बाजूंनी पायथ्यापासून माथ्यापर्यंत एकेक उभा पट्टा चढत गेला असेल आणि त्या पट्ट्यांच्या मधल्या जागेत छोट्या खांबांवर बसवलेल्या इवल्या शिखरांच्या रांगा वर जाताना लहान होत गेल्या असतील, तर ते शिखर भूमिज आहे. असे शिखर नीट पाहायचे असेल तर सिन्नरच्या गोंदेश्वरापर्यंत जावे, कारण मराठवाड्यात बहुतेक ठिकाणी मूळ शिखरे उरलेली नाहीत. औंढ्यालाच पाहा: खालच्या काळ्या भिंतीवर मूर्तींच्या रांगा आहेत, आणि एका ठरावीक उंचीपासून वर सगळे पांढरे, नंतरच्या काळातले बांधकाम सुरू होते. ती आडवी रेघ रस्त्यावरूनही दिसते, तरीही पायापासून कळसापर्यंतच्या संपूर्ण देवळाला हेमाडपंती म्हणणारे भेटतात, याचे मला फार वाईट वाटते.

काळाचा घोळ तर हिशेबानेच सुटतो. महादेव यादव १२६१ मध्ये गादीवर आला आणि हेमाद्रीची कारकीर्द त्याच सुमारास सुरू होते. अंबाजोगाईला सिंघण यादवाचा सेनापती खोलेश्वर याच्याशी संबंधित शिलालेख आहेत आणि त्यांतला एक १२४० चा आहे. म्हणजे इथली यादवकालीन मंदिरेसुद्धा हेमाद्रीच्या आधीची निघतात. कोकणातले अंबरनाथचे शिवमंदिर तर १०६० चे, शिलाहारांच्या राज्यातले आहे. तेही चुन्याविना बांधलेले आणि त्याचे शिखरही भूमिज. चुन्याचा सर्रास वापर दख्खनमध्ये सुलतानी काळात रुळला, त्यामुळे सांध्यात चुना नसणे ही फार तर चौदाव्या शतकाआधीची ढोबळ खूण ठरते. त्यावरून मंत्र्याचे नाव काढता येत नाही. (तेरचे त्रिविक्रम मंदिर तर विटांचे आहे आणि या सर्वांहून पुष्कळ जुने आहे. त्यालाही हेमाडपंती म्हणणारे मला भेटले आहेत.)

माझा आग्रह असा आहे की शिलालेखाचा आधार असेल तिथे यादवकालीन किंवा चालुक्यकालीन असे स्पष्ट म्हणावे, आणि आधार नसेल तिथे चुन्याविना बांधलेले मध्ययुगीन मंदिर एवढेच म्हणावे. हा शब्दांचा कीस नाही. नांदेड, लातूर आणि धाराशिव या जिल्ह्यांत कल्याणीच्या चालुक्यांचे राज्य होते. त्यांची राजधानी कल्याणी म्हणजे आजचे बसवकल्याण, आणि ते उमरग्याहून फार लांब नाही. या भागातले कितीतरी शिलालेख कन्नडमध्ये आहेत. सरसकट हेमाडपंती म्हटले की हा दोनशे वर्षांचा काळ आणि ती भाषा दोन्ही आपल्या नजरेआड होतात. एका गावात तर मी कन्नड लेखाच्या शिळेवर तैलरंगाचा जाड थर पाहिला. त्यातून मोजकी चारपाच अक्षरे वर आलेली दिसत होती, आणि शेजारच्या भिंतीवर त्याच रंगात ‘हेमाडपंती शिवमंदिर’ असे मोठ्या अक्षरांत लिहिलेले होते.