काळा आजार : प्रसार आणि संसर्गाचा धोका

काळा आजार : लीशमॅनिया डोनोव्हानी या एकपेशीय परजीवीमुळे होणारा आणि वालुमक्षिका या बारीक माशीच्या दंशातून पसरणारा रोग. दोन आठवड्यांहून अधिक रेंगाळणारा ताप, वाढलेली पानथरी (प्लीहा), पांडुरोग आणि झपाट्याने घटणारे वजन ही त्याची प्रमुख लक्षणे. उपचार न झाल्यास शंभरातील पंच्याण्णवहून अधिक रुग्ण दगावतात.

नावाविषयी मतभेद आहेत. कातडी काळवंडते म्हणून ‘काळा’, हे रूढ स्पष्टीकरण. ‘काल’ म्हणजे मृत्यू, असाही अर्थ काहींनी लावला आहे. पहिले स्पष्टीकरण अधिक सयुक्तिक वाटते. गारो टेकड्यांत (आता मेघालयात) याच रोगाला ‘सरकारी बिमारी’ म्हणत. इंग्रजी अंमल आणि रोग तेथे मागेपुढे पोहोचले.

१८२४-२५ च्या सुमारास जेसोर (आता बांगलादेशात) भागात आलेली तापाची साथ ही या रोगाची पहिली नोंद समजतात. परजीवी तेव्हा अज्ञात असल्याने तीत हिवतापाचेही रुग्ण मिसळलेले असणे शक्य आहे. आसाममधील साथीचे कारण जाइल्स या डॉक्टरांनी अंकुशकृमी (आतड्यातील जंत), तर रॉजर्स या दुसऱ्या डॉक्टरांनी तीव्र हिवताप असे सांगितले. हिवतापाचे संशोधक रोनाल्ड रॉस यांनीही रॉजर्स यांची बाजू उचलून धरली होती. १९०३ मध्ये लीशमन आणि मद्रासचे डोनोव्हान यांनी स्वतंत्रपणे परजीवीची वर्णने प्रसिद्ध केल्यावर हा वाद मिटला. वाहकाचा प्रश्न मात्र पुढे सुमारे चाळीस वर्षे लोंबकळला. बराच काळ संशय ढेकणावर होता. फ्लेबोटोमस अर्जेंटिपिस ही वालुमक्षिका परजीवी शोषून घेते हे १९२४ च्या सुमारास दिसले, पण तिच्या दंशाने रोग होतो हे सिद्ध होईना. बाधित रक्त पाजल्यावर माश्यांना मनुकांवर पोसले, की त्यांच्या अन्ननलिकेच्या पुढील भागात परजीवी दाटीने वाढतात, असे १९४० च्या आसपास आढळले. ही युक्ती वापरून स्वामिनाथ, शॉर्ट आणि अँडरसन यांनी १९४२ मध्ये आसामात स्वयंसेवकांवर प्रयोग केले आणि दंशाने रोग होतो हे दाखवून दिले.

प्रमाण : सर्व प्रकारचे लीशमॅनियाजन्य रोग धरल्यास जगात दरवर्षी ७ ते १० लाख नवे रुग्ण होतात असा अंदाज आहे. त्यांत काळ्या आजाराचे ५० ते ९० हजार असून त्यांतील बराच मोठा भाग आता पूर्व आफ्रिकेत आहे. भारतात १९५० च्या दशकात हिवतापासाठी केलेल्या डीडीटी फवारणीने हा रोग जवळजवळ दिसेनासा झाला. फवारणी थांबली आणि १९७० च्या दशकात तो उत्तर बिहारमध्ये उसळला. १९९२ मध्ये सरकारी नोंदीनुसार ७७,१०२ रुग्ण आणि १,४१९ मृत्यू झाले. २०२३ मध्ये रुग्णसंख्या सहाशेच्या आत आली. दर १०,००० लोकसंख्येत वर्षाला एकापेक्षा कमी रुग्ण, हे भारतात विकासगटाच्या (ब्लॉक) पातळीवरचे निर्मूलनाचे उद्दिष्ट आहे. ते गाठल्याची पडताळणी होणारा जगातील पहिला देश बांगलादेश (२०२३).

धोका वाढवणारे घटक : वालुमक्षिका डासापेक्षा लहान असते, ती आवाज करत नाही आणि फार उंच वा दूर उडत नाही. दिवसा ती मातीच्या भिंतींच्या भेगांत, गोठ्याच्या अंधाऱ्या कोपऱ्यात दडते. तिच्या अळ्या शेणकुजाने भरलेल्या ओलसर मातीत वाढतात. माशी फार उंच उडत नसल्याने फवारणी भिंतीच्या खालच्या सहा फुटांपर्यंत करतात. कच्चे घर, सारवलेली दमट जमीन आणि खाली अंथरूण घालून झोपणे यांमुळे धोका वाढतो. बिहारमधील भूमिहीन मुसहर समाजाला या रोगाने फार मोठ्या प्रमाणात ग्रासले, त्याचे कारण हेच.

गुरांची भूमिका अद्याप वादात आहे. ही माशी गुरांचेही रक्त पिते, पण भारतात गुरे परजीवीची साठवण करत नाहीत. त्यामुळे ती माणसावरील दंश स्वतःकडे वळवतात, असे एक मत. गोठा माश्यांना घराजवळ आणतो, असे दुसरे. नेपाळ व बांगलादेशातील काही पाहण्यांत गुरे बाळगणाऱ्या घरांत रोग कमी आढळला. मात्र अशी घरे गावातील सर्वांत गरीब नसतात, हे लक्षात घेता या पाहण्यांच्या निष्कर्षांकडे सावधपणे पाहिले पाहिजे. कीटकनाशक लावलेल्या मच्छरदाण्यांनीही भारत-नेपाळातील मोठ्या चाचणीत संसर्ग लक्षणीयरीत्या घटला नाही; घराबाहेर होणारे दंश हे त्याचे एक कारण असावे.

कुपोषणाने, आणि त्याहूनही एचआयव्हीच्या संसर्गाने, सुप्त संसर्गाचे रोगात रूपांतर होण्याची शक्यता पुष्कळ वाढते. घरात आधी कोणी आजारी पडले असल्यास इतरांना धोका अधिक. बरे झालेल्यांपैकी काहींना पुढे काळा आजारोत्तर त्वचारोग होतो : चेहऱ्यावर फिकट चट्टे किंवा गाठी येतात, ताप नसतो. अशी माणसे शेतावर, मजुरीवर जात राहतात, चट्टे कोड किंवा कुष्ठरोग समजले जातात आणि परजीवी माश्यांना मिळत राहतो.

महाराष्ट्र स्थानिक प्रसाराच्या क्षेत्रात मोडत नाही. येथे निदान होणारे रुग्ण बहुधा बिहार-झारखंडातून कामासाठी आलेले असतात. त्यामुळे न उतरणाऱ्या तापाच्या रुग्णाला मूळ गाव विचारणे हा येथे निदानाचाच भाग ठरतो.