विप्रो, अमळनेर आणि रास्त भावाचा जुना प्रश्न

व्हॉट्सॲपवर अधूनमधून एक संदेश फिरून येतो. 1980 मध्ये विप्रोचे 100 शेअर घेऊन जो विसरून गेला, तो आज काही शे कोटींचा धनी असता. आकडा दर वेळी वेगळा असतो, पण हिशेबाची दिशा चुकीची नसते. बोनस (असलेल्या शेअरवर फुकट मिळणारे जादा शेअर) आणि शेअर विभाजन (एका शेअरचे अनेक लहान शेअर) यांची साखळीच तशी लांबलचक आहे. खटकतं ते शेवटी जोडलेलं तात्पर्य: कंपनी चांगली असली की भाव बघत बसू नये, घ्यावी आणि गप्प राहावं. विप्रोचाच 2000 नंतरचा वीस वर्षांचा इतिहास हे तात्पर्य खोटं पाडतो. नावाजलेल्या कंपनीचा शेअर महाग की रास्त, हे आपल्याकडे कोण ठरवत आलं आणि कशाच्या आधारावर, हे पाहायला याहून चांगलं उदाहरण सापडणं कठीण.

सुरुवात खानदेशातली आहे. साने गुरुजींची शाळा, प्रताप शेठांची गिरणी आणि सखाराम महाराजांचं संस्थान यांसाठी ओळखल्या जाणाऱ्या अमळनेरात मोहम्मद हुसेन हाशम प्रेमजी यांनी 1945 च्या डिसेंबरात 'वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स' ही कंपनी नोंदवली. भुईमुगाच्या पट्ट्यात वनस्पती तुपाचा कारखाना, एवढाच तिचा पसारा. तूप 'सनफ्लॉवर' नावाने विकलं जाई आणि तेलातून उरलेल्या मालाचा '787' हा कपडे धुण्याचा साबण निघे. शेअर पुढच्याच वर्षी लोकांना विकले गेले. गावातल्या व्यापाऱ्यांनी, शेतकऱ्यांनी ते घेतले. ओळखीच्या माणसाचा कारखाना, डोळ्यांसमोर धुराडं, आणखी काय पाहायचं?

त्या काळी शेअरची किंमत जोखण्याची घरगुती रीत दोन गोष्टींवर चाले. एक दर्शनी किंमत, म्हणजे शेअरवर छापलेली किंमत; दुसरी तिच्यावर मिळणारा लाभांश. शंभराच्या शेअरवर दहा टक्के लाभांश आला की शेअर चांगला. बाजारभाव लोक विचारत, पण तो रोज विचारण्याची गोष्ट नव्हती. अमळनेरहून दलाल स्ट्रीट तसा लांबच होता.

नव्याने विकायच्या शेअरचा रास्त भाव तर बाजार ठरवतच नव्हता, सरकार ठरवत होतं. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, 1943 मध्ये, भांडवल उभारणीवर आलेलं नियंत्रण 1947 च्या कायद्याने कायम झालं आणि अर्थ मंत्रालयातले 'भांडवल निर्गम नियंत्रक' शेअर किती अधिमूल्याने, म्हणजे दर्शनी किमतीहून किती जास्त भावाने, विकायचा ते सांगू लागले. त्यांचं सूत्र आज वाचलं तर गंमत वाटते, पण ते वेडगळ नव्हतं. कंपनीची निव्वळ मालमत्ता प्रतिशेअर काढायची. मग मागच्या काही वर्षांचा सरासरी नफा घेऊन तो ठरावीक दराने भांडवलात बदलायचा, म्हणजे त्या दराने भागायचा: कारखानदारी असेल तर 15 टक्के, व्यापार असेल तर 20, अधलंमधलं असेल तर साडेसतरा. या दोन आकड्यांची सरासरी म्हणजे रास्त मूल्य. समजा, एका कारखान्याचा प्रतिशेअर नफा 15 रुपये आणि मालमत्ता 60 रुपये. नफ्यावरून किंमत आली 100, सरासरी 80. पंधरा टक्के दर धरणं म्हणजे कारखाना कोणताही असो, नफ्याच्या पावणेसात पटीहून थोडी कमीच किंमत धरणं. वाढणारी कंपनी आणि बुडत चाललेली कंपनी या सूत्राला जवळजवळ सारख्याच दिसत, कारण त्याची नजर सगळी मागे.

परिणाम व्हायचा तो झाला. नावाजलेल्या कंपन्यांचे शेअर बाजारात जास्त भावाने मिळतील अशी खात्री असताना सरकारी दराने कमी किमतीत विकले जात. परकीय चलन नियमन कायदा 1974 मध्ये लागू झाल्यावर बऱ्याच परदेशी कंपन्यांना आपला हिस्सा 40 टक्क्यांपर्यंत खाली आणावा लागला, आणि ज्यांना वाटपात ते शेअर मिळाले त्यांना लॉटरीच लागली. आपल्याकडच्या मध्यमवर्गात 'पब्लिक इश्यूचा (नवे शेअर लोकांना विकण्याच्या योजनेचा) अर्ज भरला की फायदा' हा समज तिथूनच घट्ट बसला असावा, असं माझं मत आहे. भाव रास्त आहे का, हा प्रश्न त्या पिढीला पडलाच नाही. पडायचं कारणच नव्हतं.

मधल्या काळात तूप कंपनी बदलत होती. 1966 मध्ये हाशम प्रेमजी अचानक गेले आणि स्टॅनफर्डमधलं शिक्षण अर्धवट टाकून 21 वर्षांचा अझीम परत आला. पहिल्याच भागधारक सभेत एकाने उठून, तुमच्याच्याने हे होणार नाही, कंपनी जाणत्या माणसाला विकून टाका, असं सुनावलं होतं, ही गोष्ट प्रेमजींनी स्वतःच सांगितलेली आहे. आयबीएमने देशातून गाशा गुंडाळल्यावर मोकळ्या झालेल्या जागेत विप्रो संगणक बनवायला उतरली. संतूर साबणही ऐंशीच्याच दशकातला. त्या सभेतल्या गृहस्थांना सरकारी सूत्र हातात दिलं असतं, तरी त्यांचा सल्ला फारसा बदलला नसता. संगणकाचं पुढे काय होणार हे सूत्राच्या कुठल्याच रकान्यात बसत नव्हतं.

मे 1992 मध्ये नियंत्रकांचं कार्यालय बंद झालं आणि कंपनीने आपला भाव आपणच ठरवावा अशी मोकळीक आली. देखरेखीला सेबी होती, पण भाव ठरवून देणं हे तिचं काम नव्हतं. फेब्रुवारी 1993 मध्ये इन्फोसिसने 95 रुपयांनी शेअर विकायला काढले. हीच ती 1981 मध्ये पुण्यात सुरू झालेली कंपनी. जुन्या सूत्राने तिला हा भाव मिळणं अवघड होतं, कारण ना मोठा कारखाना, ना यंत्रं; मालमत्ता म्हणायची ती संध्याकाळी बसने घरी जाणारी. लोकांनी पाठ फिरवली, इश्यू पुरता भरला नाही आणि उरलेला मोठा हिस्सा मॉर्गन स्टॅनलीने उचलला. जूनमध्ये शेअर बाजारात आला तो 145 रुपयांवर. मोकळीक मिळाली होती, पण मोजायचं कसं हे अजून कोणाला उमगलं नव्हतं.

मोजायचं कसं याचं एक उत्तर त्याच्या वर्षभर आधी मुंबईचा शेअर दलाल हर्षद मेहताने देऊन झालं होतं. त्याचा सिद्धांत असा: जुन्या कंपनीला नफ्यावरून तोलू नका, तसाच कारखाना आज नव्याने उभारायला किती पैसा लागेल ते बघा. एसीसी ही सिमेंट कंपनी त्याचं आवडतं उदाहरण. तिचा शेअर काही शे रुपयांवरून सुमारे 9,000 पर्यंत गेला आणि एप्रिल 1992 मध्ये सेन्सेक्स 4,467 ला पोचला. पैसा कुठून आला होता ते पुढे उघड झालं, त्यावर भरपूर लिहिलं गेलंय. माझ्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट वेगळी आहे. कल्पना मुळात टाकाऊ नव्हती. येल विद्यापीठाचे जेम्स टोबिन यांनी 1969 मध्ये याच धर्तीचं गुणोत्तर मांडलं होतं आणि अर्थशास्त्रज्ञ ते आजही वापरतात. पण नवा कारखाना महाग पडतो म्हणून जुन्या कारखान्याचा नफा आपोआप वाढत नाही. सिमेंटच्या गोणीला गिऱ्हाईक जेवढं देतो तेवढंच येतं. मोजपट्टी खरी होती, पण भाव वर नेऊन झाल्यावर तो पटवून द्यायला ती काढली होती.

हेच पुढच्या तेजीत पुन्हा झालं, फक्त मोजपट्टी बदलली. 1999 आलं. वायटूकेच्या, म्हणजे सन 2000 ची तारीख संगणकांना नीट वाचता यावी यासाठीच्या दुरुस्तीच्या, कामाने सॉफ्टवेअर कंपन्यांचे नफे वर्षाला 50 टक्क्यांच्या आगेमागे वाढत होते. पी/ई, म्हणजे भाव नफ्याच्या किती पट, हा आकडा शंभराच्या पुढे गेल्यावर तो उघडउघड नको वाटू लागला. मग पी/ईला वाढीच्या दराने भागायची रीत चालू झाली: 100 पट भाव, पण वाढही 100 टक्के, तेव्हा गुणोत्तर एक, म्हणून रास्त. ती वाढ किती वर्षं टिकेल हे त्या भागाकारात कुठेच येत नाही. कंपन्या नावात 'इन्फोटेक' घालून घेत होत्या, म्युच्युअल फंड खास तंत्रज्ञानाच्या योजना काढत होते, सेन्सेक्सने फेब्रुवारी 2000 मध्ये पहिल्यांदा 6,000 पाहिले.

त्याच महिन्यात विप्रोचा दोन रुपये दर्शनी किमतीचा शेअर 10,000 च्या जवळ गेला. कंपनीचं बाजारमूल्य दोन लाख कोटींच्या वर, वार्षिक नफा काही शे कोटी. प्रेमजी जगातल्या सर्वांत श्रीमंतांच्या यादीत वर गेले. इथे एक तांत्रिक बाब फार मोलाची आहे, आणि त्या वेळच्या बातम्यांत ती हरवली. कंपनीचे सुमारे 84 टक्के शेअर प्रेमजींकडे होते. उरलेल्यातलेही बरेच अमळनेरसारख्या ठिकाणी पेट्यांत बंद. दलाल स्ट्रीटवर रोज हात बदलणारे शेअर मूठभर, आणि त्या मूठभरांचा भाव सगळ्या शेअरना लावून दोन लाख कोटींचा आकडा काढलेला. एवढ्या किमतीला सगळी कंपनी कोणी घेतली असती असा याचा अर्थ कधीच नव्हता.

भाव रास्त होता का, हे त्या वेळी शांतपणे तपासता आलं असतं का? आलं असतं, आणि त्यासाठी भविष्य सांगायची गरज नव्हती. शेअरचं मोल म्हणजे पुढे मिळणाऱ्या पैशाचं आजचं मोल, ही मांडणी अमेरिकेत जॉन बर विल्यम्स यांनी 1938 मध्येच केली होती. ती उलटी वाचली की झालं: हा भाव खरा ठरायला पुढे काय घडावं लागेल? तेव्हा पीपीएफवर 11 टक्के मिळत होते. शेअरची जोखीम घेणाऱ्याने निदान 12 टक्के मागावेत. दोन लाख वीस हजार कोटी 12 टक्क्यांनी वीस वर्षं वाढले की 21 लाख कोटींच्या वर जातात (लाभांश बाजूला ठेवू, तो किरकोळ होता). प्रौढ झालेल्या कंपनीला नफ्याच्या वीसपट भाव धरला, तर त्या वर्षीचा नफा एक लाख कोटींहून अधिक हवा. प्रत्यक्षात 2020-21 मध्ये टीसीएस, इन्फोसिस, एचसीएल, विप्रो आणि टेक महिंद्रा या पाचही कंपन्यांचा नफा एकत्र केला, तरी लाख कोटी भरत नाहीत. एकट्या विप्रोचा होता दहा हजार कोटींच्या वर. म्हणजे या पाचही कंपन्यांचा सगळा नफा एकट्या विप्रोत आला असता, तरीही फेब्रुवारी 2000 चा खरेदीदार आपल्या 12 टक्क्यांपर्यंत पोचला नसता.

दहा हजार कोटी हा आकडा लहान नाही, हेही म्हटलं पाहिजे. वीस वर्षांत नफा निदान वीसपट झाला. कंपनीने आपलं काम चोख केलं. कोणी फसवलं नाही, कुठला घोटाळा नाही. त्यानंतर 2004 मध्ये एकास दोन (म्हणजे असलेल्या एका शेअरवर दोन नवे), 2005 मध्ये एकास एक, 2010 मध्ये तिनास दोन, 2017 मध्ये एकास एक, 2019 मध्ये तिनास एक आणि 2024 मध्ये पुन्हा एकास एक असे बोनस आले. फेब्रुवारी 2000 मधल्या तीन शेअरचे आज 160 झालेत. एवढं होऊनही त्या शिखराला घेतलेल्या शेअरची मूळ किंमत भरून निघायला 2020 ची अखेर यावी लागली. मधल्या वीस वर्षांत महागाईने खाल्लं ते वेगळंच.

आता पुन्हा अमळनेर. शेअर पिढ्यान्‌पिढ्या सांभाळणारी घरं तिथे आहेत, आणि त्यांच्या धीराचं कौतुक वर्तमानपत्रांनी मनापासून केलं आहे. ते त्यांना शोभतंही. पण त्यांचा शेअर आजोबांनी शंभर रुपये दर्शनी किमतीला घेतलेला, पुढे बोनसांनी वाढलेला. खर्च जवळजवळ शून्य. फेब्रुवारी 2000 मध्ये त्यांनी चौथा हिस्सा विकून पीपीएफ भरला असता, जमीन घेतली असती, तर हिशेबाने ते शहाणपणाचंच ठरलं असतं. न विकूनही त्यांचं वाईट झालं नाही, ते 1946 च्या भावामुळे. त्यांच्या दाखल्यावर विसंबून 2000 मध्ये 9,000 ला शेअर घेणारा माणूस वेगळ्याच व्यवहारात उतरला होता. व्हॉट्सॲपवरचा संदेश हे दोन व्यवहार एकत्र कालवतो. शिवाय त्यात न येणाऱ्या कंपन्या किती! 1980 मध्ये विप्रोइतक्याच भरवशाच्या वाटणाऱ्या कापडगिरण्यांचे शेअरही अनेक घरांत पेटीतच राहिले. त्यांच्यावर कोणी संदेश लिहीत नाही.

एक उपकथा राहिली. 2013 मध्ये विप्रोने साबण, दिवे वगैरे व्यवसाय वेगळ्या कंपनीत नेले. ती शेअर बाजारात नाही. अमळनेरचा कारखाना तिकडे गेला, त्यामुळे आज कोणी बाजारातून विप्रोचा शेअर घेतला तर त्यात अमळनेरच्या धुराड्याचा वाटा उरलेला नाही.

मोजपट्ट्या बदलणं थांबलेलं नाही. 2021 मध्ये तोट्यातल्या इंटरनेट कंपन्या बाजारात आल्या तेव्हा पी/ई काढायला नफाच नव्हता. मग भाव विक्रीच्या किती पट, ग्राहकांची संख्या, कंपनीच्या ॲपवरून झालेली एकूण उलाढाल असे आकडे पुढे आले. नोव्हेंबरात 2,150 रुपयांनी विकलेला पेटीएमचा शेअर पहिल्याच दिवशी सुमारे 27 टक्क्यांनी पडला. त्यानंतर वर्षभरात सेबीने नियम बदलले. आता इश्यू आणणाऱ्या कंपनीला आपण कामगिरी कोणत्या आकड्यांवर जोखतो ते माहितीपत्रकात मांडावं लागतं, आणि आधीच्या दीड वर्षात शेअर कोणत्या भावाने दिले-घेतले गेले त्याच्याशी इश्यूच्या भावाची तुलनाही द्यावी लागते. ही पानं माहितीपत्रकात 'इश्यू किमतीचा आधार' या मथळ्याखाली सापडतात. तो आधार पुरेसा आहे की नाही, यावर शिक्का मारणारा नियंत्रक मात्र 1992 नंतर कोणी नाही.