जिओकॅशिंग (कोकण किनारपट्टी)

जिओकॅशिंग : जीपीएस यंत्रावर किंवा मोबाइलवर अक्षांश-रेखांश घालून, दुसऱ्या कोणी लपवलेला डबा शोधून काढण्याचा मैदानी छंद. डब्याला ‘कॅश’ (cache, म्हणजे दडवून ठेवलेला साठा) म्हणतात. त्यात निदान एक नोंदवही असते. शोधणारा तीत नाव व तारीख लिहितो, डबा होता तसा तिथेच ठेवतो आणि नंतर या खेळाच्या संकेतस्थळावर शोध नोंदवतो. मे २००० च्या सुरुवातीला अमेरिकेने नागरी जीपीएस संकेतांत मुद्दाम ठेवलेली चूक काढून टाकली, त्यामुळे यंत्रे एकाएकी पुष्कळ नेमकी झाली. लगेच ३ मे रोजी डेव्ह अल्मर यांनी ऑरेगन राज्यात बीव्हरक्रीकजवळ पहिला डबा ठेवला. आज जगभरात ३० लाखांहून अधिक कॅश आहेत. खेळाचे मूळ नियम सगळीकडे सारखेच आहेत : जागामालकाची परवानगी घ्यावी, डबा पुरू नये, दोन डब्यांत १६१ मीटर अंतर ठेवावे, डब्यातली वस्तू घेतली तर तेवढ्याच किंवा जास्त मोलाची वस्तू ठेवावी. कोकणात यांतला पहिला नियम सर्वांत जड जातो.

कारण इथे रिकामी दिसणारी जागा सहसा रिकामी नसते. सड्यावरचा (जांभ्या दगडाच्या माळावरचा) कातळ उन्हाळ्यात ओसाड वाटला तरी तो कोणाच्या ना कोणाच्या सातबाऱ्यावर असतो, आणि त्या सातबाऱ्यावर मुंबईला गेलेल्या भावकीची नावे सामाईक असतात. सगळ्यांच्या सह्या मिळवणे शक्य नसले, तरी वाडीतल्या जाणत्यांना, पोलीस पाटलांना किंवा ग्रामपंचायतीत सांगून ठेवणे नेहमीच शक्य असते. डबा शोधणाऱ्यापासून लपवायचा असतो, गावापासून नाही. फेब्रुवारी ते मे या काळात आंबा-काजूच्या बागांना राखण असते, तेव्हा कुंपणाच्या आत पाऊल टाकू नये. देवराईत डबा मुळीच ठेवू नये. जिथे कौल लावल्याशिवाय गावकरी स्वतः फांदी तोडत नाहीत, तिथे पाहुण्याने झाडाच्या ढोलीत हात घालणे शोभत नाही.

परदेशात खेळाडू ये-जा करणाऱ्यांची नजर चुकवून शोध घेतात. हा रिवाज कोकण किनाऱ्यावर आणू नये. १९९३ च्या मुंबई बॉम्बस्फोटांतली स्फोटके श्रीवर्धन तालुक्यातल्या शेखाडीला उतरवली गेली होती. ऑगस्ट २०२२ मध्ये हरिहरेश्वरला शस्त्रे असलेली बेवारस नौका किनाऱ्याला लागली, तेव्हा साऱ्या रायगड जिल्ह्यात नाकाबंदी झाली. ती नौका भरकटत आली होती हे नंतर कळले. अशा किनाऱ्यावर खडकाच्या फटीत सापडलेला बंद डबा मच्छीमारांना आणि सागरी पोलिसांना काय वाटेल, हे लपवणाऱ्याने आधीच ओळखावे. डबा पारदर्शक असावा. त्यावर मराठीत ठळक अक्षरांत ‘हा खेळाचा डबा आहे, आत वही व पेन्सिल आहे’ असे लिहून संपर्क क्रमांक द्यावा. धातूच्या पेट्या, नळकांडी, वायर गुंडाळलेल्या वस्तू वापरू नयेत. जेटी, बंदर, रेल्वे पूल आणि तटरक्षक दलाच्या आवारापासून लांब राहावे. शोधताना कोणी ‘काय हरवलंय?’ असे विचारले तर खरे सांगून डबा उघडून दाखवावा. त्या माणसाचे कुतूहल शमते आणि पुढे तोच डब्यावर लक्ष ठेवतो. परदेशातून येणाऱ्या मित्रांना एक गोष्ट आवर्जून कळवावी : उपग्रहामार्फत संदेश पाठवणारी उपकरणे भारतात परवानगीशिवाय बाळगता येत नाहीत. साध्या जीपीएसला अडचण नाही.

किनाऱ्यावरच्या शोधात वेळ ठरवतो तो समुद्र. तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची ढोबळ वेळ मिळते, हा दर्यावर्दींचा जुना हिशोब अजून चालतो. चतुर्थीला भरती तीनच्या सुमारास, अष्टमीला सहाच्या, अमावास्या-पौर्णिमेला बाराच्या आसपास. ओहोटी त्यानंतर सुमारे सहा तासांनी. पौर्णिमेनंतर तिथी पुन्हा प्रतिपदेपासून मोजायची. अलिबागच्या कुलाबा किल्ल्यात ओहोटीला चालत जाता येते, पण परतायला उशीर केला तर वाट पाण्याखाली जाते. म्हणून भरतीरेषेच्या खाली डबा ठेवू नये, आणि खडकातून वळसा घेऊन पोहोचायची जागा असेल तर वर्णनात ‘ओहोटीलाच जावे’ असे स्पष्ट लिहावे. उधाणाच्या दिवसांत असा शोध नकोच.

जांभ्याच्या गडग्यात डबा लपवण्याचा मोह नवख्यांना हमखास होतो. गडगा म्हणजे चुन्या-मातीशिवाय नुसते दगड रचून घातलेली आवार-भिंत. फटी आयत्या मिळतात, उन्हात दगड तापतात, खाली गारवा राहतो. हीच जागा फुरशाला (एका लहान विषारी सापाला) आणि विंचवाला आवडते. फुरसे हातभर लांबीचेही नसते, त्याचा रंग जांभ्यात मिसळून जातो, आणि डिवचले की वेटोळी एकमेकांवर घासून खरखर आवाज करते. तो आवाज ऐकला की मागे सरावे. एरवीही फटीत आधी विजेरी मारावी, मग काठी फिरवावी, हात सर्वांत शेवटी. गडग्याचा दगड काढून पाहण्याची तर गरजच नाही : एक दगड निघाला की वरची रांग ढासळते आणि गुरे बागेत शिरतात. दंश झालाच तर कापाकापी, आवळपट्टी, मंत्र यांत वेळ न दवडता सरकारी रुग्णालय गाठावे. भारतात मिळणारी प्रतिविषाची लस फुरशाच्या विषावरही चालते. लाल विंचवाच्या दंशावर महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी प्राझोसिनचा उपचार रूढ केल्यापासून मृत्यू फार घटले आहेत, मात्र त्यासाठी रुग्ण वेळेत पोहोचायला हवा.

डबा रबरी कडेचा, घट्ट झाकणाचा, प्लास्टिकचा घ्यावा. खाऱ्या हवेत पत्रा आणि लोहचुंबक लवकर गंजतात. वहीबरोबर शिसपेन्सिल ठेवावी, शाई दमट हवेत फुटते. खाऊ, अत्तर, मेणबत्ती असे वासाचे काही ठेवू नये, कारण वास लागला की माकडे डबा फोडतात. अक्षांश-रेखांश अंश आणि दशांश मिनिटांत द्यायची पद्धत आहे. अक्षांशाच्या एका मिनिटात सुमारे १.८५ किलोमीटर अंतर बसते, म्हणून मिनिटाचा तिसरा दशांश म्हणजे जवळजवळ दोन मीटर. दाट झाडीखाली यंत्र यापेक्षा कितीतरी जास्त चुकते. तिथे वेगवेगळ्या वेळी वाचन घेऊन सरासरी काढावी.

काही जागी डबा ठेवूच नये. वेळाससारख्या किनाऱ्यांवर ऑलिव्ह रिडले कासवे थंडीत अंडी घालतात. तिथल्या वाळूत शोधाशोध किंवा रात्री विजेऱ्या नकोत. कांदळवनातही नको. सिंधुदुर्ग, विजयदुर्ग, सुवर्णदुर्ग हे किल्ले २०२५ पासून जागतिक वारसा यादीत आहेत. त्यांच्या चिऱ्यांच्या सांध्यात काहीही कोंबणे गैर आहे. बारसू, देवाचे गोठणे, उक्षी, कशेळी इथल्या कातळशिल्पांवर तर बूट घालून चढूही नये, खुणेसाठी दगड ठेवू नयेत, रेषांत खडू भरू नये. अशा ठिकाणांसाठी खेळातच एक उत्तम सोय आहे : अर्थकॅश. यात डबा नसतो. जागी जाऊन निरीक्षण करायचे आणि भूविज्ञानाच्या प्रश्नांची उत्तरे लावणाऱ्याला पाठवायची. जांभ्याची छिद्रे, त्याखालचा बेसाल्ट, लाटांनी कोरलेल्या कपारी हे सगळे उघड्यावर असलेल्या कोकणाला हाच प्रकार सर्वांत शोभतो, असे प्रस्तुत लेखकाचे ठाम मत आहे.

गणपतीला आणि शिमग्याला गावी येणाऱ्या चाकरमान्यांनी डबा लावण्यापूर्वी देखभालीला गावातला कोणीतरी बघून ठेवावा. मे अखेरीस डबा काढून संकेतस्थळावर ‘तात्पुरता बंद’ अशी नोंद करावी, आणि भातकापणी उरकली की पुन्हा लावावा. शोधणाऱ्याने डबा मिळाला नाही तर तसे लिहावे, जागा उघड करणारी छायाचित्रे टाकू नयेत, येताना वाटेतला प्लास्टिकचा कचरा उचलून आणावा. लागोपाठ दोन-तीन जणांनी ‘सापडला नाही’ असे लिहिले की लावणाऱ्याने स्वतः जाऊन पाहावे. ते जमणार नसेल तर डबा दुसऱ्याच्या नावे करावा किंवा कोणाकडून तरी उचलून आणवून नोंद कायमची बंद करावी.