पाठ घेताना पाय कुठे ठेवायचे
आमच्या मुंबईतील जिउ-जित्सू वर्गाच्या सभासदांसाठी माहितीपत्रक

हाती आलेली पाठ, म्हणजे जोडीदाराच्या मागून मिळवलेला ताबा, निसटते ती बहुतेक वेळा दुसरा हुक (त्याच्या मांडीच्या आतून अडकवलेला आपला पाय) लागण्याच्या आधी. हात गळ्याकडे धावतात आणि पाय मागे राहतात. म्हणून या पत्रकात फक्त पायांबद्दल लिहिले आहे.

पायांचे मुख्य काम एकच: तुमची कंबर जोडीदाराच्या कंबरेला चिकटवून ठेवणे. छाती पाठीला चिकटवण्याचे काम सीटबेल्टची पकड करते, म्हणजे एक हात त्याच्या खांद्यावरून, दुसरा काखेतून आणि दोन्ही हात त्याच्या छातीवर गुंतवलेले. ही पकड बसल्याशिवाय पाय घालायला जाऊ नका. छाती सुटलेली असताना हुक घातला की जोडीदार पुढे झुकतो आणि तुम्ही त्याच्या डोक्यावरून घसरून मॅटवर येता.

टर्टलमधून

जोडीदार गुडघे-कोपरांवर गोळा होऊन बसला आहे आणि तुम्ही त्याच्या डाव्या बाजूला आहात असे धरा. डावा हात त्याच्या डाव्या खांद्यावरून, उजवा हात पलीकडच्या काखेतून. डावा गुडघा त्याच्या डाव्या खुब्यामागे पाचरीसारखा टेकवा, मध्ये फट ठेवू नका. आता त्याला सरळ मागे न ओढता तिरके, स्वतःच्या डाव्या कुशीकडे ओढा. त्याचा उजवा खुबा उचलला जातो आणि मांडी व पोटामध्ये जागा होते. तिथे उजवा पाय घाला. हा वरचा हुक.

खालच्या हुकात खरी गफलत होते. गुडघा खुब्याला टेकलेला असेल, तर जोडीदार कलंडताना त्याची कंबर तुमच्या डाव्या मांडीवर येते आणि नडगी त्याच्याखालून सहज पुढे सरकते. गुडघा वीतभर जरी लांब राहिला, तरी त्याचा खुबा थेट मॅटवर बसतो. मग त्या वजनाखालून पाय घालणे फार अवघड. तो पाठ मॅटला लावून तुमच्याकडे वळू लागतो. अशा वेळी खालून पाय रेटत बसू नका. सीटबेल्ट तशीच ठेवून, वरच्या हुकाने त्याची मांडी ओढत क्षणभर दुसऱ्या कुशीवर लोळा. दबलेली बाजू वर येते. हुक घाला आणि लगेच मूळ कुशीवर, म्हणजे खांद्यावरून गेलेल्या हाताच्या बाजूला, परत या. या बाजूला त्याला सुटणे जास्त जड जाते.

माउंटमधून, म्हणजे तुम्ही जोडीदाराच्या पोटावर बसलेले असताना, तो कुशीवर वळला तरी क्रम हाच. पोटाकडच्या पायाची टाच त्याच्या जांघेजवळ रोवा, पाठीकडचा गुडघा डोक्यामागे ठेवा, सीटबेल्ट धरा आणि त्याला सोबत घेऊन मागे बसा. रोवलेला पाय वरचा हुक होतो, गुडघा टेकलेला पाय खालचा.

हुक लागल्यावर

टाचा मांड्यांच्या आतल्या बाजूला, गुडघ्यापेक्षा जांघेच्या जवळ. पंजे बाहेरच्या दिशेला वळवलेले, घोटा ताठ. ढिला पंजा हाताने सहज ढकलला जातो. गुडघे त्याच्या कंबरेवर दाबून ठेवा. पाय फार आत जाऊन पलीकडे लोंबू लागला, तर जोडीदार तो दोन मांड्यांत अडकवून ठेवतो.

घोट्यांची अढी कधीही घालू नका. नवख्यांना ती घट्ट वाटते, पण जोडीदार त्या अढीवर स्वतःचा पाय टाकून त्याला दुसऱ्या पायाने कुलूप लावतो, कंबर उचलतो आणि सगळा ताण तुमच्या घोट्यावर येतो. असे झाले तर सहन करत थांबू नका, ताबडतोब टॅप करा, म्हणजे हाताने थोपटून हार कळवा.

बॉडी ट्रँगल हा वेगळा पर्याय आहे: एक नडगी पोटावरून आडवी, तिचा पंजा दुसऱ्या गुडघ्यामागे. लांब पायांच्या सभासदांना तो सोयीचा पडतो. मात्र पंजा ज्या बाजूला अडकवला आहे त्या कुशीवर झोपू नका, जोडीदाराचे वजन थेट घोट्यावर येते. आणि सरावात बरगड्यांवर जोर लावू नका.

स्पर्धेला जाणाऱ्यांनी लक्षात ठेवावे: आयबीजेजेएफच्या (आंतरराष्ट्रीय ब्राझिलियन जिउ-जित्सू महासंघाच्या) नियमांत पाठीच्या ताब्याला 4 गुण आहेत, पण दोन्ही हुक लावून 3 सेकंद टिकवावे लागते. अढी घातलेल्या पायांना ते गुण मिळत नाहीत.

तालमीतून आलेल्यांसाठी एक खास गोष्ट. कुस्तीत ताबा घेतल्यावर स्वतःची पाठ मातीला लागू न देणे अंगात मुरलेले असते, त्यामुळे जोडीदाराला घेऊन मागे पडताना शरीर आखडते आणि पाय उशिरा येतात. इथे पाठीवर पडल्याने डाव हरत नाही. सवारी कसताना पाय घालायची जी सवय आहे ती मात्र इथे फार उपयोगी पडते.

सराव

दोन्ही बाजूंनी 10-10 वेळा, जोडीदार पूर्ण सैल. पुढच्या फेरीत त्याने फक्त खालचा खुबा मॅटवर बसवायचा प्रयत्न करावा, बाकी काही नाही. तुम्ही गळ्याला हात लावायचा नाही. दिवसभर खुर्चीत बसून येणाऱ्यांनी आधी 5 मिनिटे खुबे मोकळे करावेत, कारण आखडलेल्या खुब्याने हुक घालताना तो पीळ गुडघ्याला बसतो.

पावसाळ्यात नो-गीमध्ये, म्हणजे गी (जाड सुती पोशाख) न घालता खेळताना, घामाने पाय फार घसरतात. त्या दिवसांत हुक आणखी जांघेजवळ ठेवा आणि दर फेरीनंतर मॅट पुसा. नखे कापलेली हवीत. खिसा किंवा चेन असलेली शॉर्ट्स घालून येऊ नका, त्यात पायाची बोटे अडकतात.