संख्यानवलांची कोडी

संख्यानवलांची कोडी म्हणजे एखाद्या संख्येच्या अंगच्या विलक्षण गुणावर रचलेली कोडी. भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’तल्या (इ. स. ११५०) भुंग्यांच्या उदाहरणांत संख्या हे साधन असते. इथे शोध खुद्द संख्येचाच असतो. गोव्याकडच्या हुमाणात वस्तूचे नाव न घेता तिच्या खुणा सांगतात, तशा इथे संख्येच्या खुणा सांगायच्या.

गोव्यातल्या मराठी वर्गात घालण्याजोगे एक हुमाण असे: ‘डोक्यावर उभे केले तरी बदलत नाही, ३७ ने भाग जातो, ५३ नेही जातो, ते वर्ष कोणते?’ उत्तर १९६१, गोवा मुक्त झाला ते वर्ष. ही गंमत इंग्रजी आकड्यांचीच आहे. कागद फिरवला की सहाचा नऊ आणि नवाचा सहा होतो. देवनागरीत लिहिले की कोडे मोडते, म्हणून फळ्यावर कोणते आकडे लिहायचे ते आधीच ठरवावे. डोक्यावर उभे केले तरी न बदलणारे याआधीचे वर्ष १८८१, पुढचे थेट ६००९.

मराठी मुलखात या प्रकाराला सर्वांत मोठे देणे दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर (१९०५–१९८६) यांचे. देवळालीच्या या शाळामास्तरांनी १९४९ मध्ये ६१७४ चे नवल मांडले. चार अंकी संख्या घ्या, चारही अंक सारखे मात्र नकोत. अंक उतरत्या आणि चढत्या क्रमाने लिहून वजाबाकी करा. उत्तरावर पुन्हा तेच. फार तर सात पायऱ्यांत ६१७४ येते आणि तिथेच राहते. १९६१ ला पूर्ण सात लागतात: ८४४२, ५९९४, ५३५५, १९९८, ८०८२, ८५३२, ६१७४. गोव्याला घटकराज्याचा दर्जा मिळाला ते १९८७ मात्र तिसऱ्याच पायरीला पोहोचते.

रायबंदरहून चोडणला जाणाऱ्या फेरीबोटीत समोरच्या गाडीच्या पाटीवरचे चार आकडे घेऊन हा खेळ खेळता येतो. वजाबाकीत शून्य आले तर ते गाळू नये. ८०८२ चा चढता क्रम ०२८८. मुले हमखास इथेच चुकतात.

नुसते नवल सांगून थांबणारे कोडे कच्चे, ‘असे का?’ विचारता आले तरच ते पुरे. ६१७४ मागचे कारण शाळकरी मुलाच्या आवाक्यातले आहे. उतरत्या क्रमातले अंक अ, ब, क, ड मानले, तर वजाबाकी नेहमी ९९९(अ–ड) + ९०(ब–क) इतकी येते. म्हणजे हजारो संख्यांतून पहिल्याच पायरीला फार तर ५४ उत्तरे उरतात, आणि ती सारी नवाच्या पटीत. कागद-पेन्सिल घेऊन ती सगळी तपासता येतात.

कापरेकर संख्याही याच घरातल्या. ४५ चा वर्ग २०२५, आणि २० + २५ = ४५. तसेच ५५, २९७ आणि ७०३.

तीन अंकी संख्यांत मुक्काम ४९५ ला पडतो. दोन अंकींत तो पडतच नाही: ८१, ६३, २७, ४५, ०९ आणि परत ८१, असा फेरा चालूच राहतो.