आधी संपूर्ण माहिती, मग निदान?

‘रुग्णाची हिस्टरी आणि तपासणी पूर्ण होईपर्यंत निदानाचा विचार मनात आणू नये’ ही शिकवण वैद्यकीय विद्यार्थ्यांना वर्षानुवर्षे दिली जाते, परंतु अनुभवी डॉक्टर प्रत्यक्षात असा विचार करत नाहीत. मिशिगन स्टेट विद्यापीठातील आर्थर एल्स्टाइन आणि सहकाऱ्यांनी 1978 मध्ये प्रसिद्ध केलेल्या संशोधनात असे आढळले, की डॉक्टरांच्या मनात पहिल्या काही मिनिटांतच दोन-चार शक्यता उभ्या राहतात आणि पुढचे प्रश्न त्या पडताळण्यासाठीच असतात. विद्यार्थीही हेच करतात. फरक पडतो तो आजारांच्या ज्ञानामुळे, आणि म्हणूनच हृदयविकारात तरबेज असलेला डॉक्टर त्वचारोगातही तितकाच अचूक ठरेल असे नाही.

भातलावणीच्या दिवसांत कोकणातला शेतकरी ताप आणि अंगदुखी घेऊन आला, तर लेप्टोस्पायरोसिसची (उंदरांच्या लघवीने दूषित झालेल्या पाण्या-चिखलातून होणारा संसर्ग; यात पोटऱ्या दुखतात, डोळे लाल होतात) शंका आलेला विद्यार्थी चिखलात काम केले का, लघवी कमी झाली का हे विचारतो, पोटऱ्या दाबून पाहतो, डोळ्यांची लाली पाहतो. शंकाच न आलेला विद्यार्थी छापील क्रमाने सगळे विचारूनही पोटऱ्यांना हात लावत नाही. (केसपेपरचा क्रम लिहिण्यासाठी आहे, विचारासाठी नव्हे.)

पहिल्याच शक्यतेला चिकटून राहण्याचा धोका खरा आहे; मात्र त्यावर उपाय म्हणजे डेंग्यू, मलेरिया अशा प्रतिस्पर्धी शक्यता सोबत ठेवणे आणि आपल्या अंदाजाविरुद्ध जाणारा पुरावा मुद्दाम शोधणे. त्यामुळे शिक्षकाने केस पूर्ण सादर होण्याची वाट न पाहता मध्येच थांबवून विचारावे: आता काय वाटते, आणि कशावरून?