डिझाइनचे विद्यार्थी : सर्जनशीलतेतला मुलगा-मुलगी फरक

डिझाइन शिकणाऱ्या पोरापोरींच्या सर्जनशीलतेत फरक असतो का, हा मानसशास्त्रातला जुना वाद आहे. टेस्टमध्ये असा ठाम फरक सापडत नाही, काम पाहणाऱ्याच्या नजरेत मात्र सापडतो.

१९५० मध्ये मानसशास्त्रज्ञ गिलफर्ड यांनी अमेरिकेत सर्जनशीलतेचा अभ्यास हा विषय लावून धरला, मग १९६६ मध्ये टॉरन्स यांची सर्जनशीलता मोजणारी चाचणी आली. अर्धवट चित्र पूर्ण कर, नुसत्या गोलांतून काय काय निघतं ते काढ, असे प्रश्न, आणि मार्क कशाला तर कल्पना किती सुचल्या, किती तऱ्हेच्या, किती जगावेगळ्या आणि किती बारकाईने काढल्या याला. बेअर आणि कॉफमन या संशोधकांनी २००८ मध्ये अशा बऱ्याच अभ्यासांचा आढावा घेतला, तर बहुतेक ठिकाणी फरकच नाही, अन् जिथे आहे तिथे बरेचदा मुली जराशा पुढे. २०१५ च्या एका अमेरिकी प्रयोगात घराचं डिझाइन पुरुषाचं आहे म्हटलं की लोकांना ते जास्त कल्पक वाटलं, बाईचं म्हटलं की कमी, फॅशनच्या बाबतीत मात्र असा भेद दिसला नाही.

आपल्या विदर्भात खेड्यावर याची सुरुवात कॉलेजच्या फार आधी होते. तान्ह्या पोळ्याला लाकडी नंदी सजवून मिरवायचा मान बहुतेक पोट्ट्यांचा, त्याला झूल, बाशिंग, चाकं, कोणी तर लायटिंगही लावते अन् बक्षीस घेऊन येते. पोट्ट्या भुलाबाईची आरास करतात, अंगणात रांगोळी काढतात, तीही डोक्यातून काढलेली नक्षीच असते बाप्पा, पण तिला "हात चांगला आहे" एवढंच म्हणतात, "डोकं चालते" हे पोट्ट्यासाठी राखून ठेवलेलं. गडचिरोली-चंद्रपूरकडे बाया बांबूची सुपं-टोपल्या विणतात ते घरकाम, आणि तोच बांबू वाकवून कॉलेजच्या पोरानं लॅम्प केला की इनोव्हेशन.

शाळेत इलेमेंटरी-इंटरमीजिएट दोघंही देतात. खरी गळती त्यानंतर होते, कारण यूसीड म्हणजे आयआयटी मुंबई घेते ती डिझाइनची प्रवेश परीक्षा, तिच्याबद्दल गावात सांगणारं कोणी नसते, क्लास शहरात, अन् पोरीला रूम करून ठेवायची म्हटलं की घरात पहिले "काहून?" निघते. म्हणून वर्गात कोण किती कल्पक हे मोजताना तिथवर पोचलं कोण हेही पाहावं लागते, नाहीतर आकडे फसवतात.

तपासणीत भेद कमी करायला मानसशास्त्रज्ञ अमाबाइल यांची १९८२ ची पद्धत बरी पडते. त्यात जाणकार परीक्षक एकमेकांशी न बोलता प्रत्येक काम स्वतंत्र जोखतात आणि त्यांची मतं एकमेकांशी किती जुळली ते पाहिलं जाते. वरून शीटवरचं नाव झाकून फक्त रोल नंबर ठेवला की पोट्ट्याचं काम की पोट्टीचं, हे परीक्षकाला कळत नाही. ज्युरीत, म्हणजे परीक्षकांपुढच्या तोंडी तपासणीत, मात्र विद्यार्थी समोर उभा राहून बोलतो, तिथे ही युक्ती चालत नाही.